नव्या माउंटन बाइकचा एअर फोर्क कसा जुळवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी माउंटन बाइक हातात आली की सीटची उंची पाहिली जाते, ब्रेक दाबून पाहिले जातात, गिअर बदलून पाहिले जातात आणि स्वारी निघते. फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि हादरे झेलणाऱ्या दोन नळ्यांच्या भागात, हवा किती आहे हा प्रश्न पडतो तो पहिल्याच दगडाळ उतारावर तळहात बधिर झाल्यावर. खरं तर त्या बाइकवरच्या नाजूक आणि महागड्या भागांपैकी तो एक असतो, आणि अर्धा तास दिला तर घरच्या घरी जुळवता येतो. पुढचे प्रश्न मुद्दाम एका क्रमाने घेतले आहेत. आधी हवा, मग रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग), मग कॉम्प्रेशन (फोर्क दबण्याचा वेग) आणि अगदी शेवटी टोकन (हवेच्या कप्प्यात बसवायचे तुकडे). हा क्रम मोडला की एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते आणि मूळ दोष सापडत नाही.

फोर्क कंपनीतून हवा भरूनच येतो ना? मग पुन्हा कशाला हात लावायचा?

हवा असते, पण ती तुमच्यासाठी भरलेली नसते. पंचावन्न किलोचा चालक आणि पंचाण्णव किलोचा चालक एकच बाइक घेऊ शकतात; कारखान्याला यातला कोण ती चालवणार हे ठाऊक नसतं. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलावी लागते. एअर फोर्कमध्ये ते काम पंपाने होतं, हाच त्याचा मोठा फायदा आहे.

हवा जास्त असेल तर फोर्क वरच्या वर राहतो, पुढचं चाक दगडांवरून उड्या मारतं आणि सगळे हादरे मनगटात येतात. कमी असेल तर ब्रेक लावताच पुढचा भाग खाली बसतो. त्याबरोबर बाइकची भूमितीही बदलते: फोर्क साधारण २० मिमी खाली बसला की हेड अँगल (फोर्क जमिनीशी ज्या कलाने बसवलेला असतो तो कोन) जवळपास एक अंशाने उभा होतो. म्हणजे तीव्र उतारावर, जिथे स्थिरता हवी असते, नेमकी तिथेच बाइक चंचल होते.

फोर्कच्या आत काय चालतं, थोडक्यात सांगाल का?

फोर्कच्या दोन बाजूंना त्याचे पाय म्हणतात. बहुतेक फोर्कमध्ये चालकाच्या डावीकडच्या पायात हवेची स्प्रिंग असते आणि उजवीकडच्या पायात तेलाचा डॅम्पर. स्प्रिंग वजन पेलते. डॅम्पर फोर्क किती वेगाने दबेल आणि किती वेगाने परत येईल हे ठरवतो. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि निम्मे घोळ एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेण्यातून होतात.

हवेच्या पायात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना कप्पे असतात. वरचा पॉझिटिव्ह, तो फोर्कला वर ढकलतो. खालचा निगेटिव्ह, तो उलट दिशेने ओढतो, म्हणून लहानशा खड्यावरही फोर्क चटकन हलतो. निगेटिव्ह कप्पा नसता तर फोर्क हलण्याआधी मोठा जोर लावावा लागला असता. आजच्या बहुतेक फोर्कमध्ये आपण एकाच व्हॉल्व्हमधून हवा भरतो आणि नळीच्या आतल्या एका छोट्या खोलगट खुणेवरून पिस्टन जाताना दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हवेची आणखी एक गोष्ट. बॉइलच्या नियमाप्रमाणे जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. म्हणून एअर फोर्क सुरुवातीला मऊ लागतो आणि शेवटाकडे चढत्या भाजणीने कडक होत जातो. ही कल्पना नवी नाही. रॉकशॉक्स या फोर्क बनवणाऱ्या कंपनीचा पहिला फोर्क, आरएस-१, हाही हवा आणि तेलावरच चालायचा. १९९० साली अमेरिकेत ड्युरँगोला झालेल्या यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, पहिल्या माउंटन बाइक जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी डाउनहिलचं अजिंक्यपद रॉकशॉक्सच्या फोर्कवरच जिंकलं होतं.

टायरचा पंप चालेल का?

नाही. फोर्कमधली जागा अगदी लहान असते. टायरच्या पंपाचा एक दट्ट्या मारला की दाब एकदम उसळतो, आणि पंप काढताना हवा किती गेली ते कळत नाही. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर तर लावूच नका, त्याने सील जाऊ शकतात.

शॉक पंप वेगळा मिळतो: बारीक नळी, लहान दट्ट्या, आटे असलेलं तोंड आणि वर घड्याळ. फोर्कचा व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरला असतो तोच, श्रेडर. बहुतेक शॉक पंप ३०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) दाखवतात, पण फोर्कला लागणारा दाब साधारण ५० ते १२० पीएसआयच्या आसपास असतो. म्हणून ज्याच्या घड्याळावर या भागातल्या रेघा मोकळ्या, ठळक आहेत असा पंप घ्या. दोन पंपांची घड्याळं तंतोतंत जुळतीलच असं नाही. तेव्हा नेहमी एकच पंप वापरा. मग घड्याळ दोन-तीन पीएसआयने चुकत असलं तरी दर वेळी तेवढंच चुकेल आणि तुमची नोंद खरी राहील.

माझ्या वजनाला किती पीएसआय?

फोर्कच्या खालच्या पायावर मागच्या बाजूला वजनाप्रमाणे दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो, किंवा कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडतो. तिथून सुरुवात करा. वजन मात्र बाइकवर बसतानाचं धरायचं: हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी, गुडघ्याची पॅडं, सगळ्यासकट. हे सहज तीन-चार किलो भरतं.

मित्राचा आकडा उचलू नका, मग त्याचं वजन तुमच्याइतकंच का असेना. पिस्टनचा आकार मॉडेलगणिक बदलतो, त्यामुळे एका फोर्कमधले ८० पीएसआय आणि दुसऱ्यातले ८० यांचा अर्थ सारखा नसतो. कमाल दाब फोर्कवर छापलेला असतो, तो कधीही ओलांडायचा नाही.

तक्त्यातला आकडा हा अंदाज आहे. तो बरोबर आहे की नाही हे सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजल्यावरच कळतं.

हवा भरायची नेमकी पद्धत काय?

घाईत सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर.

आधी टायरमधली हवा नेहमीच्या दाबावर आणा, कारण टायरसुद्धा हादरा घेतो आणि ते दगडासारखे कडक असतील तर फोर्कचा अंदाज चुकतो. कॉम्प्रेशनचा खटका किंवा लॉकआउट (फोर्क दबू न देणारा खटका) पूर्ण उघडा. बाइक सरळ उभी करा, फोर्क पूर्ण ताणलेला असू द्या. डाव्या पायावरचं टोपण काढा आणि पंपाचं तोंड हातानेच फिरवत घट्ट करा. घड्याळाचा काटा हलला की आणखी साधारण एक फेरा, बस. पक्कड लावायची नाही.

समजा तक्ता ८० पीएसआय सांगतो. एकदम ८० भरू नका. ४० पर्यंत भरा. मग पंप तसाच लावलेला ठेवून हँडलवर भार देत फोर्क पाव ते एक तृतीयांश अंतरापर्यंत सावकाश दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या. असं आठ-दहा वेळा करा. काटा खाली आलेला दिसेल. हवा बाहेर गेलेली नाही, मघाशी सांगितलेल्या खुणेवरून ती निगेटिव्ह कप्प्यात गेली आहे. पुन्हा भरा, ६० पर्यंत, पुन्हा दाबा. मग ८०, आणि पुन्हा दाबा. दाबल्यावरही काटा जागचा हलत नाही असं झालं की दोन्ही कप्पे समान झाले.

ही समतोलाची पायरी वगळली तर घड्याळ ८० दाखवतं, पण निगेटिव्ह कप्पा अर्धपोटी राहतो. फोर्क वरच्या टप्प्यात ताठ लागतो; आणि पहिल्या काही किलोमीटरांत तो समतोल आपोआप साधला गेला की तुम्ही मोजलेला सॅग खोटा ठरतो. माझ्या पहिल्या एअर फोर्कवर मी ही पायरी केली नव्हती आणि फोर्कमधून हवा गळते आहे असं समजून बरेच दिवस सील तपासत बसलो. सील धडधाकट होते.

पंप काढताना फुस्स होतं. सगळी मेहनत वाया गेली का?

नाही. तो आवाज पंपाच्या नळीत उरलेल्या हवेचा असतो. चांगल्या पंपात आटे सुटत असतानाच फोर्कचा व्हॉल्व्ह बंद झालेला असतो.

उलट प्रकार जास्त फसवतो. दुसऱ्या दिवशी तपासायला पंप लावला की काटा काही पीएसआय कमी दाखवतो, कारण पंपाची रिकामी नळी भरायला फोर्कमधलीच हवा जाते. पुन्हा ८० वर आणायचं आणि काढायचं, एवढंच. रोज उठून तपासायची गरज नाही.

सॅग म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा?

चालक बाइकवर नुसता उभा राहिला तरी त्याच्या वजनाने फोर्क जेवढा दबतो, तो सॅग. तो असावाच लागतो. चाक खड्ड्यात जाताना फोर्कला खाली पसरायला जागा हवी, नाहीतर टायर जमिनीवरून सुटतो आणि पकड जाते.

मोजताना शक्य तर कुणाला तरी बाइक धरायला सांगा, नाहीतर भिंतीचा आधार घ्या. सगळं सामान अंगावर चढवा. सीटवर बसायचं नाही. दोन्ही पेडल समतल ठेवून त्यावर उभं राहायचं, गुडघे आणि कोपर किंचित वाकलेले, नजर पुढे, अगदी उतारावर असता तसं. हँडलवर मुद्दाम रेलू नका. दोन-तीनदा हलकेच उसळी घ्या म्हणजे फोर्क आपल्या जागी बसेल. मग मदतनिसाने वरच्या चकचकीत नळीवरची रबरी ओ-रिंग खालच्या सीलला टेकवायची आणि तुम्ही फोर्क आणखी न दाबता अलगद उतरायचं. सील आणि ओ-रिंग यांच्यातलं अंतर म्हणजे सॅग.

हिशेब सोपा आहे. फोर्क एकूण जेवढा दबू शकतो ते अंतर म्हणजे ट्रॅव्हल. १४० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क, २० टक्के सॅग हवा, तर २८ मिमी. १२० मिमीच्या फोर्कला २४ मिमी. टक्केवारी काढताना फोर्कचा छापील ट्रॅव्हल धरा, दिसणारी नळी नव्हे. काही फोर्कवर नळी ट्रॅव्हलपेक्षा जास्त दिसते. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कवर टक्क्यांच्या खुणा नळीवरच छापलेल्या असतात. ओ-रिंग नसेल तर प्लॅस्टिकचा केबल टाय सैलसर बांधा.

तीनदा मोजा. नव्या फोर्कमध्ये घर्षण असतं, त्यामुळे आकडे तीन-चार मिलिमीटरने इकडेतिकडे होतील. सॅग जास्त आला तर ५ पीएसआय वाढवा, कमी आला तर तेवढेच कमी करा. जवळ पोचलात की दोन-दोनने सरका. प्रत्येक बदलानंतर फोर्क पुन्हा दाबून कप्पे समान करायला विसरू नका.

सॅग नेमका किती ठेवू?

क्रॉस कंट्रीसाठी, म्हणजे साधारण १०० ते १२० मिमीच्या फोर्कवर, १५ ते २० टक्के. ट्रेल बाइकवर २० च्या आसपास. एन्ड्युरो किंवा त्याहून दांडग्या बाइकवर २० ते २५.

मागच्या चाकाचे हादरे झेलणाऱ्या शॉकला ३० टक्के सॅग सर्रास ठेवतात म्हणून पुढेही तेवढाच ठेवावा असं अनेकांना वाटतं. मी तसं सांगणार नाही. उतारावर आणि ब्रेक लावताना वजन पुढे सरकतं, म्हणजे सपाटीवर मोजलेला सॅग उतारावर आणखी वाढतो. पुढचा फोर्क मागच्यापेक्षा थोडा ताठ असलेला बरा. दोन आकड्यांत घुटमळत असाल तर कमी सॅगचा आकडा घ्या आणि उतारावर चालवून पाहा.

रिबाउंडचं बटण कुठे असतं आणि ते करतं काय?

उजव्या पायाच्या अगदी तळाशी, बहुधा लाल. काहींवर ससा आणि कासव काढलेले असतात. दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येईल हे ते ठरवतं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की संथ, उलट फिरवलं की चपळ. दोन्ही टोकांना बटण आपोआप थांबतं. तिथे जोर लावून पिळू नका.

क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजा. काट्यांच्या दिशेने शेवटपर्यंत न्या, तो शून्य. तिथून उलट फिरवत मोजत या. 'बंदपासून सात' असं लिहून ठेवलं तर बटण कुणी चुकून फिरवलं तरी परत येता येतं.

रिबाउंड हवेच्या दाबाशी बांधलेलं असतं. दाब जास्त म्हणजे स्प्रिंग ताकदवान, आणि ताकदवान स्प्रिंगला आवरायला रिबाउंड जास्त संथ लागतं. म्हणून वजनदार चालकाची सेटिंग बंद टोकाकडे असते आणि हलक्या चालकाची उघड्या टोकाकडे. हवा दहा पीएसआयने बदलली तर रिबाउंडही एक-दोन क्लिकने तपासायला हवं.

रिबाउंड बरोबर आहे हे कळतं कसं?

पहिली चाचणी उभ्या जागी. हँडल दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि झटकन हात वर उचला. चाक जमिनीवरून उडालं तर रिबाउंड फार चपळ आहे. फोर्क चिखलातून पाय उपसावा तसा वर आला तर फार संथ. एकदा सरळ वर येऊन थांबला, चाक जमिनीलाच राहिलं, की सुरुवातीपुरतं झालं.

खरा निकाल मात्र ट्रेलवर लागतो. ओळीने पाच-सात मुळं किंवा दगड असलेला पन्नासेक मीटरचा तुकडा निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा एकाच वेगाने उतरा. रिबाउंड फार चपळ असेल तर हँडल हातात उसळ्या मारतं, उडी मारून उतरल्यावर पुढचा भाग पुन्हा उचलला जातो, आणि खडबडीत वळणावर टायर कधी धरतो, कधी सोडतो.

फार संथ असण्याची खूण ओळखणं जास्त अवघड आहे. पहिल्या मुळावर फोर्क छान दबतो. तो पूर्ण वर येण्याआधी दुसरं मूळ येतं. मग तिसरं. प्रत्येक वेळी फोर्क थोडा अधिक खाली अडकून राहतो, आणि खाली हवा आधीच दाबलेली असल्याने तो कडक लागतो. चौथ्या-पाचव्या दणक्याला हातात हातोडा मारल्यासारखं होतं. चालकाला वाटतं फोर्क कडक आहे, म्हणून तो हवा कमी करतो. त्याने फोर्क आणखी खाली बसतो आणि दणके आणखी वाढतात. ओळीने येणाऱ्या अडथळ्यांत पहिला दणका मऊ आणि शेवटचा कडक असेल, तर हवेला हात लावू नका. रिबाउंड दोन क्लिक उघडा आणि तोच तुकडा पुन्हा उतरा. माझ्या पाहण्यात 'नवा फोर्क फार कडक आहे' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघालं आहे.

कॉम्प्रेशनची बटणं केव्हा फिरवायची?

सुरुवातीला नकोच. पूर्ण उघडी ठेवा आणि हवा-रिबाउंड पक्कं झाल्यावरच त्यांच्याकडे वळा.

ही बटणं उजव्या पायाच्या वरच्या टोकाला असतात, बहुधा निळी. लो स्पीड आणि हाय स्पीड ही नावं फसवी आहेत: तो वेग बाइकचा नाही, फोर्क दबण्याचा आहे. ब्रेक लावल्यावर पुढचा भाग हळूहळू बसणं, पेडल मारताना डुलणं, वळणात झुकणं हे लो स्पीड. चाकाखाली अचानक येणारा धारदार दगड किंवा मोठ्या उडीनंतरचं उतरणं हे हाय स्पीड.

सॅग बरोबर असूनही ब्रेक लावताच फोर्क जास्त बसत असेल तर लो स्पीड एक-दोन क्लिक वाढवा. त्याहून जास्त वाढवावंसं वाटलं तर आधी हवा पुन्हा तपासा. लॉकआउट चढावर आणि डांबरी रस्त्यावर वापरायचं, उतार सुरू होण्याआधी आठवणीने उघडायचं.

ओ-रिंग कधीच शेवटपर्यंत जात नाही. माझा फोर्क चुकीचा जुळला आहे का?

लगेच तसं म्हणता येणार नाही. तुमची नेहमीची वाट सौम्य असेल तर शेवटचे वीस-तीस मिलिमीटर मोठ्या चुकीसाठी राखून ठेवलेले बरे. पूर्ण ट्रॅव्हल वापरला गेलाच पाहिजे या हट्टाने हवा काढत गेलं की सॅग बिघडतो.

तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात मोठ्या दणक्याला फोर्क जवळजवळ तळाला पोचावा, पण खाडकन आदळू नये, हा अंदाज धरा. बाकीचं टोकनने साधायचं.

टोकन म्हणजे काय?

हवेच्या कप्प्यात बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे. रॉकशॉक्स त्यांना बॉटमलेस टोकन म्हणतं, तर फॉक्स ही दुसरी कंपनी व्हॉल्यूम स्पेसर. ते जागा व्यापतात, हवेला आकसायला जागा कमी उरते, म्हणून फोर्क शेवटच्या टप्प्यात अधिक झपाट्याने कडक होतो. सुरुवातीच्या टप्प्यावर, म्हणजे सॅगवर, त्यांचा परिणाम नगण्य असतो, आणि हीच त्यांची खुबी आहे.

सॅग बरोबर आहे पण एकाच फेरीत फोर्क तीन-चारदा तळाला आदळतो, तर एक टोकन घाला. सॅग बरोबर आहे पण मोठ्या दणक्यालाही शेवटचा भाग वापरलाच जात नाही आणि तो तुम्हाला हवा आहे, तर एक काढा. एका वेळी एकच.

टोकनला हात लावण्याआधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण काढा. पूर्ण. दाब असताना वरचं झाकण उघडलं तर ते सुटून तोंडावर येऊ शकतं. झाकण परत बसवताना माहितीपुस्तकात दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा नेमका जोर, वापरा. झाकण ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे सहज मरतात. पान्याचं तोंड सपाट असलेलं चांगलं, साध्या सॉकेटची आतली कड गोलसर असते आणि ती झाकणाच्या उथळ कडांवरून निसटते.

हवा काढली आणि फोर्क आपोआप खाली ओढला गेला. तुटलं का काही?

नाही. पॉझिटिव्ह कप्पा रिकामा झाला आणि निगेटिव्हमध्ये हवा अडकून राहिली, ती आता फोर्कला खाली खेचते आहे. पुन्हा हवा भरा, फोर्क वर आला की सावकाश दाबून कप्पे समान करा. पुढच्या वेळी फोर्क पूर्ण ताणून धरत, थांबत थांबत हवा सोडा.

असं काही न करताही फोर्क नेहमीच कमी उंचीवर बसायला लागला आणि हवा भरून, दाबूनही सुधारला नाही, तर पिस्टनचा सील गेला असण्याची शक्यता आहे. तेव्हा तो दुरुस्तीलाच न्यावा लागतो.

थंडीत किंवा डोंगरावर दाब बदलतो का?

बदलतो. ८० पीएसआय भरलेला फोर्क दहा अंश सेल्सिअसने थंड झाला की साधारण तीन पीएसआय गमावतो. उबदार खोलीत भरून कडाक्याच्या थंडीत बाहेर पडलात तर फरक हाताला जाणवेल, शिवाय डॅम्परमधलं तेल थंडीत घट्ट होतं आणि रिबाउंड संथ वाटतं. जिथे चालवायचं तिथल्या हवेत थोडा वेळ बाइक ठेवून मग दाब भरा.

उंचीचा परिणाम वेगळा आहे. बाहेरची हवा विरळ झाल्याने आतला दाब तुलनेने वाढतो, पायथ्यापासून दीड हजार मीटर चढल्यावर साधारण दोन-अडीच पीएसआयने. खालच्या पायांत सीलखाली कोंडलेली हवाही तशीच फुगते आणि फोर्क कडक लागतो. काही फोर्कच्या मागच्या बाजूला ही हवा सोडायची छोटी बटणं असतात. फोर्क ताणलेला असताना ती दाबायची. ती नसतील तर सीलच्या फटीत काही खुपसू नका. तसं करणारे लोक आहेत, पण सीलची कड एकदा चिरली की तेल बाहेर आणि धूळ आत.

माझ्या फोर्कला हवेचे दोन व्हॉल्व्ह आहेत.

मग शेवटच्या टप्प्यासाठी वेगळा कप्पा दिलेला असेल, म्हणजे टोकनचं काम तिथे हवाच करते. अशा फोर्कमध्ये कोणता कप्पा आधी भरायचा याचा क्रम ठरलेला असतो आणि तो चुकला तर दोन्ही आकडे चुकतात. माहितीपुस्तक उघडून ठेवा, मगच पंप हातात घ्या.

नवा फोर्क अडखळत चालतो. सवयीने सुटेल का?

बराचसा. आतली बुशिंग (नळ्या ज्यांवर सरकतात ती वळी) आणि सील बसायला काही तास लागतात. दहाएक तास चालवून झाल्यावर सॅग पुन्हा मोजा, तो पहिल्यापेक्षा थोडा जास्त निघेल. पॅकिंगमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या फोर्कमधले स्पंजचे वळे कोरडे पडलेले असतात. बाइक काही तास उलटी ठेवली की तेल त्यांच्यापर्यंत पोचतं. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हवा शिरलेली असेल तर उलटं ठेवल्यावर लीव्हर मऊ लागू शकतो, म्हणून सरळ केल्यावर ब्रेक दाबून खात्री करा.

एक कारण मात्र वापरून सुटत नाही: पुढच्या चाकाचा ॲक्सल. तो फार आवळला किंवा चाक नीट बसलं नसेल तर खालचे दोन्ही पाय एकमेकांकडे किंचित ओढले जातात आणि नळ्या घासतात. ॲक्सल सैल करा, फोर्क काही वेळा दाबा, पाय आपल्या जागी बसू द्या, मग लिहिलेल्या टॉर्कनेच आवळा.

नळीवर तेलाची कडी दिसते. गळती आहे का?

अगदी पातळ, बोटाला जेमतेम लागेल अशी कडी असेल तर सील ओले आहेत, चांगलंच आहे. ओघळ येत असेल किंवा ब्रेकच्या चकतीपर्यंत तेल पोचत असेल तर चालवणं थांबवा.

सर्व्हिसिंग किती दिवसांनी?

दिवसांनी नाही, तासांनी मोजतात. रॉकशॉक्स खालच्या पायांची सफाई आणि तेलबदल ५० तासांनी आणि संपूर्ण सर्व्हिसिंग २०० तासांनी सांगतं. फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. धूळ आणि चिखल रोजचाच असेल तर त्याआधी. चालवून आल्यावर सीलच्या कडेची धूळ मऊ कापडाने पुसणं हे दहा सेकंदांचं काम आहे. सीलवर जोरदार पाण्याचा फवारा मारू नका आणि नळ्यांना चेनचं तेल लावू नका.

नळीवर बारीक चरा पडला आहे. काय करू?

नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर नुसतं लक्ष ठेवा. अडकत असेल आणि चरा सील जिथून फिरतो त्या भागात असेल, तर प्रत्येक हालचालीला तो सील कुरतडतो आहे. लहान चऱ्याची वर आलेली कड अगदी बारीक पॉलिश कागदाने, फक्त तेवढ्याच जागी, हलक्या हाताने मोडतात आणि खोलगट भाग नेलपॉलिशने किंवा इपॉक्सीने भरून, वाळल्यावर सपाट करतात. त्यानंतर काही दिवस तिथे तेल दिसतं का ते पाहत राहा. चरा लांबलचक असेल किंवा नळी कुठे दबल्यासारखी वाटत असेल, तर फोर्क न वापरता आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा.